टॅको सीझनिंग: पाकीट, बरणी की घरचं मिश्रण?

टॅको म्हणजे मक्याच्या दुमडलेल्या पोळीत (शेलमध्ये) भरलेलं मसालेदार सारण. त्याच्या सीझनिंगच्या छोट्या पाकिटात मसाले असतात, मीठ असतं आणि रस दाट करणारा स्टार्चही असतो. पाकीट निवडताना सगळं लक्ष तिखटपणाकडे जातं. टॅको फसतात ते मात्र बहुधा मिठामुळे आणि स्टार्चमुळे. वरून पडणारं चीज आणि साल्सा (टोमॅटो-मिरचीची चटणी) दोन्ही खारट असतात, त्यामुळे सारणातलं मीठ थोडं जरी जास्त झालं तरी पूर्ण घास खारट लागतो. स्टार्च अर्धवट शिजला तर सारण पिठूळ होतं. तो नसेलच तर रस शेलच्या तळाशी उतरतो आणि तिसऱ्या घासाला शेल हातात मोडतं. म्हणून या परीक्षणात तिखटाइतकंच वजन मिठाला आणि दाटपणाला दिलं आहे.

आधी हे सीझनिंग नेमकं कुठलं ते पाहू. मेक्सिकोतल्या टाकेरियात, म्हणजे टॅकोच्या दुकानात, असं एकच एक मिश्रण सगळ्याला लावत नाहीत. कार्ने असादाला, म्हणजे आगीवर भाजलेल्या गोमांसाला, मीठ आणि लिंबू पुरतं. अल पास्तोरच्या (सळईवर भाजलेल्या डुकराच्या) मांसाला वाळलेल्या मिरच्या आणि अचिओते, म्हणजे लाल रंग देणाऱ्या बिया, वाटून लावतात. कार्नितास तर चरबीत मंद शिजवलेलं डुकराचं मांस. पाकिटातली चव आहे टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन वळणाच्या, स्वयंपाकाची: गोमांसाचा खिमा, जिरं, ओरेगानो, कांदा-लसणाची पूड आणि कुरकुरीत शेल. तिची मुळं टेक्सासमधल्या चिली पावडरीत आहेत. जर्मनीतून आलेल्या विल्यम गेबहार्ट यांनी 1890च्या दशकात न्यू ब्राउनफेल्स गावात वाळलेल्या मिरच्या दळून, त्यात इतर मसाले घालून तयार पूड विकायला सुरुवात केली आणि 1896 मध्ये ‘ईगल’ हा ब्रँड नोंदवला. अमेरिकी कृतीत आजही ‘चिली पावडर’ लिहिलेलं असलं की मिरची, जिरं, ओरेगानो आणि लसूण यांचं सौम्य मिश्रण अपेक्षित असतं. तिथे नुसत्या मिरचीची जहाल पूड टेबलस्पूनभर पडली तर ते सारण खाण्याजोगं राहत नाही.

घटकयादी कशी वाचायची

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे पहिली चार नावं वाचली की पाकिटाचा अर्धा निकाल लागतो. मिरची किंवा ‘मसाले’ पहिले आणि कांदा-लसूण त्यांच्या पाठोपाठ असेल तर पाकीट घ्यायला हरकत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन, मीठ किंवा कुठलं तरी पीठ पहिलं असेल तर तुम्ही भरताड विकत घेताय. माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पांढरी पूड; ती अपायकारक नाही, पण त्याला स्वतःची चव जवळपास नसते. ते पाकिटाचं वजन भरतं आणि मसाल्याचा जोर उतरवतं.

यादीच्या शेवटी येणारी सिलिकॉन डायऑक्साइडसारखी नावं बघून बिचकू नये. कांद्याची आणि लसणाची पूड हवेतला ओलावा भराभर शोषते, तिचे खडे होऊ नयेत म्हणून ते किंचित घालतात. सायट्रिक ॲसिड दिसलं तर उलट चांगलं, त्यामुळे चवीला धार येते. यीस्ट एक्स्ट्रॅक्टने मांसाची चव भरीव वाटते आणि बीन्सच्या टॅकोत ते फार कामाला येतं. खिम्यात त्याची गरज नाही.

ॲलर्जी किंवा शाकाहाराचा प्रश्न असेल तर यादी शेवटपर्यंत वाचणं भाग आहे. मॅककॉर्मिक या अमेरिकी मसाला कंपनीच्या मूळ पाकिटाच्या यादीत व्हे, म्हणजे दुधाचा अंश, असतो. पूर्ण वनस्पतीजन्य खाणाऱ्यांना ते चालणार नाही. काही मिश्रणांत दाटपणासाठी गव्हाचं पीठ वापरतात. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी जिरेपुडीकडेही नीट लक्ष द्यावं: 2014च्या अखेरीपासून 2015च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत न छापलेला शेंगदाण्याचा अंश सापडल्याने जिरेपूड आणि ती असलेली अनेक उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली होती, त्यांत टॅको सीझनिंगही होतं.

आता मीठ. पाकिटावर सोडियमचा आकडा एका सर्व्हिंगचा असतो, अख्ख्या पाकिटाचा नाही. साधारण 28 ग्रॅमच्या पाकिटात दोन टीस्पूनची सहा सर्व्हिंग धरलेली असतात. समजा एका सर्व्हिंगला 350 मिलिग्रॅम सोडियम छापलं आहे, तर पाकीटभर झालं 2100 मिलिग्रॅम. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं, सव्वापाच ग्रॅम. 450 ग्रॅम खिम्यात हे सव्वा टक्क्याच्या जवळ जातं, आणि खिमा शिजून आकसल्यावर प्रमाण आणखी वाढतं. चीज आणि साल्सा वरून येणार असेल तर एक टक्का, म्हणजे साडेचार ग्रॅम, पुरेसं असतं. प्रौढ माणसाला दिवसाला 2300 मिलिग्रॅमच्या आत सोडियम ठेवायला अमेरिकेतली अधिकृत शिफारस सांगते. दोन-तीन टॅको खाणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी करावा.

पाकिटं

मॅककॉर्मिक आणि जनरल मिल्सच्या मालकीचं ओल्ड एल पासो ही अमेरिकी दुकानांत सर्वत्र दिसणारी दोन नावं. दोघांचं नेहमीचं पाकीट एक औंसाचं, म्हणजे 28 ग्रॅमचं, आणि एक पौंड (सुमारे 450 ग्रॅम) खिम्यासाठी मोजलेलं. दोघांकडेही सौम्य, तिखट आणि कमी सोडियमचे प्रकार आहेत. आमचं मत स्पष्ट आहे: पाकीटच घ्यायचं तर कमी सोडियमचं घ्यावं. मीठ नंतर चिमटीने वाढवता येतं, काढता येत नाही. मॅककॉर्मिकच्या त्या प्रकारावर 30 टक्के आणि ओल्ड एल पासोच्या प्रकारावर 25 टक्के कमी सोडियम असं लिहिलेलं असतं. मिठाचा कडेलोट टाळायला एवढी घट पुरते. ‘तिखट’ प्रकारावर जास्त पैसे घालवू नयेत. मूळ पाकिटात पाव टीस्पून केयेन (जहाल लाल मिरचीची पूड) घातलं की तेच काम होतं आणि तिखटपणा आपल्या हातात राहतो.

मोठ्या बरणीतलं सीझनिंग वारंवार टॅको करणाऱ्यांना सोयीचं, पण त्यात एक खोट आहे. बरणीत जड मीठ हळूहळू तळाशी जातं आणि हलकी ओरेगानोची पानं वर येतात. परिणामी पहिल्या वेळचं सारण अळणी आणि शेवटचं खारट. दर वेळी बरणी आडवी करून गोल फिरवावी, मग माप घ्यावं. चमच्याच्या मापापेक्षा वजन बरं: अख्ख्या पाकिटाऐवजी 28 ग्रॅम. आणि बरणी वाफेच्या भांड्यावर कधीही उपडी करू नये. एकदा वाफ आत गेली की आठवडाभरात वरचा थर दगड होतो.

‘नो फिलर’, म्हणजे भरताड नसलेली, म्हणून विकली जाणारी मिश्रणं चवीला बहुधा सगळ्यांत स्वच्छ असतात. त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे सारण पातळ राहतं, आणि तिचं कारण साधं आहे: त्यांत स्टार्चच नसतो. एक टीस्पून कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवून शेवटी घाला, तक्रार मिटते.

पाकीट कढईत रिकामं करण्याआधी एक चाचणी करता येते. एक टीस्पून सीझनिंग वाटीत घ्या, चार थेंब तेल घालून चोळा, मग चार टेबलस्पून उकळतं पाणी ओता आणि दोन मिनिटं थांबा. पाण्यावर तांबूस-नारिंगी तेलाचे थेंब तरंगले तर मिरची ताजी आहे. तपकिरी, धुळकट रंग आला तर ती जुनी. वास घेतल्यावर आधी जिरं आणि मिरची यायला हवी. फक्त कांद्याच्या पुडीचा उग्र वास येत असेल तर सारणही तसंच होणार. शेवटी घोटभर चाखा. जिभेवर मीठ सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटीही जाणवलं, तर पाऊण पाकीटच वापरा.

पाकिटामागच्या सूचनेत काय बदलायचं

छापील सूचना सगळीकडे जवळपास एकच असते: खिमा परता, सुटलेली चरबी काढून टाका, सीझनिंग आणि 160 ते 180 मिली पाणी घाला, तीन ते पाच मिनिटं उकळा. याने टॅको होतात. पण मिरचीचा रंग, तिचा तिखटपणा आणि जिऱ्याचा सुवास देणारी द्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात फारशी नाहीत. सगळी चरबी काढून मसाला थेट पाण्यात टाकला की तो उकडला जातो, फुलत नाही.

जड बुडाच्या रुंद कढईत, मोठ्या आचेवर 450 ग्रॅम खिमा पसरा आणि पहिली तीन मिनिटं अजिबात ढवळू नका. खालची बाजू चांगली तपकिरी झाली की मगच उलटून मोकळा करा. सतत ढवळलं तर पाणी सुटतं आणि खिमा राखाडी होऊन स्वतःच्या रसात उकडतो. अरुंद भांड्यात किलोभर खिमा कोंबला तरी हेच होतं. खिमा गुलाबी राहिला नाही की चरबी काढा, पण एक टेबलस्पून मागे ठेवा. कमी चरबीचा खिमा असेल तर तेवढं तेल घाला. आच मध्यम करा, खिमा कडेला सारा, मधल्या चरबीत सीझनिंग घालून 30 ते 45 सेकंद परता. रंग गडद होतो आणि वास एकदम खुलतो. त्या क्षणी खिमा मिसळा आणि लगेच पाणी घाला. याहून जास्त वेळ परतू नका: लसणाची पूड आणि साखर सर्वांत आधी करपतात, आणि करपलेल्या लसणाचा कडूपणा कशानेही जात नाही.

पाणी आधी 120 मिलीच घाला. उकळी फुटू द्या. कॉर्नफ्लोअर साधारण 62 ते 72 अंश सेल्सियसला फुगतं, म्हणून नुसतं कोमट होऊन भागत नाही, खदखदायला हवं. मग मंद आचेवर चार-पाच मिनिटं, झाकण न ठेवता. कढईच्या तळावरून उलथनं ओढल्यावर वाट दोन सेकंद उघडी राहिली आणि मग रस सावकाश परत आला, की सारण तयार. आधीच कोरडं वाटलं तर उरलेलं पाणी थोडं थोडं घाला. गोमांसाचा खिमा आतून 71 अंशांना आणि कोंबडीचा 74 अंशांना पोचायला हवा. इतक्या उकळीत तो पोचतोच.

गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस घाला. आधी घातला तर उकळताना त्याचा सुवास उडून जातो. पाकिटात सायट्रिक ॲसिड असेल तर रस निम्मा करा.

घरी मिसळायचं असेल तर

पाकिटापेक्षा घरचं मिश्रण निश्चित सरस, आणि त्याचं खरं कारण ताजेपणापेक्षा हे की मीठ आणि स्टार्च वेगळे ठेवता येतात. त्यामुळे तेच मिश्रण माशाला कोरडं चोळता येतं, बीन्समध्ये घालता येतं, सूपातही चालतं.

450 ग्रॅम खिम्यासाठी प्रमाण असं:

आंचो मिरचीची पूड 1 टेबलस्पून
जिरेपूड 1½ टीस्पून
पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) 1 टीस्पून
मेक्सिकन ओरेगानो ½ टीस्पून
लसूण पावडर ½ टीस्पून
कांदा पावडर ½ टीस्पून
केयेन ¼ टीस्पून
काळी मिरी ¼ टीस्पून

हे सगळं मिळून अडीच टेबलस्पून होतं. कढईत घालताना वेगळं मोजायचं: बारीक मीठ पाऊण टीस्पून आणि कॉर्नफ्लोअर एक टीस्पून. कॉर्नफ्लोअर मसाल्याबरोबर तेलात परतू नये, पाण्यात कालवून नंतर घालावं. गरम तेलात कोरडं पडलं की बारीक गुठळ्या होतात आणि त्या पुढे मोडत नाहीत. साखर ऐच्छिक आहे. आंचो घेतली असेल तर तिची स्वतःची मनुकांसारखी गोडी पुरते.

या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मिरचीचा. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची, तिखटपणा 1000 ते 2000 स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचं एकक), चव गडद आणि गोडसर. ग्वाहियो मिरची 2500 ते 5000, रंग झळझळीत लाल आणि चवीला किंचित आंबटसर धार. कोंबडीला ती जास्त शोभते. चिपोटले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. ते पूर्ण टेबलस्पून घालण्याची चूक फार लोक करतात आणि मग सगळ्या टॅकोंना धुराचाच वास येतो. पाव ते अर्धा टीस्पून, तेही पाप्रिकाच्या जागी, एवढंच. केयेन 30,000 ते 50,000 स्कोव्हिलचं, म्हणजे ते फक्त तिखटासाठी. चवीचा आधार त्याच्यावर ठेवू नका.

अख्ख्या मिरच्या मिळाल्या तर त्याच घ्या. चांगली आंचो वाकवल्यावर लवते, चामड्यासारखी लागते; कडकन मोडणारी जुनी असते. देठ आणि बिया काढा, मध्यम तापलेल्या कोरड्या तव्यावर एका बाजूला 15 ते 20 सेकंद दाबा, उलटा, पुन्हा तेवढंच. फुगून वास सुटला की उतरवा. काळे डाग पडले तर ती मिरची फेकून द्या, पूडभर कडू करते. पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नका. गरम मिरची मऊ असते आणि मिक्सरच्या कडेला चिकटते. पूड बसायला पाच मिनिटं द्या, मगच झाकण उघडा, नाहीतर डोळ्यांत आणि घशात जाते.

ओरेगानोच्या बाबतीत तडजोड होऊ शकते, पण फरक ओळखून करावी. मेक्सिकन ओरेगानो लिपिया ग्रेव्हिओलेन्स या वनस्पतीचा, तिचा वास लिंबाच्या अंगाने जाणारा. पिझ्झावर पडतो तो भूमध्य प्रदेशातला ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला. दोघांचं नातं फक्त नावाचं. दुसरा वापरायचा झाला तर प्रमाण निम्मं करा आणि शेवटचा लिंबू थोडा वाढवा. कुठलाही असो, कढईत टाकताना तळहातावर चोळून टाका.

जिरं ताजं भाजून दळलेलं असेल तर दीडऐवजी सव्वा टीस्पून घ्या. जिरं जास्त झालं की मिरची मागे पडते आणि सारणाला घामट वास येतो.

खिम्याऐवजी दुसरं काही

इथेच पाकीट सर्वांत जास्त फसवतं, कारण त्याचं मीठ एक पौंड मांसासाठी मोजलेलं असतं. 425 ग्रॅमच्या डब्यातल्या काळ्या बीन्स निथळल्यावर 250 ग्रॅमच्या आसपास उरतात, आणि त्या आधीच खारवलेल्या असतात. त्यात अख्खं पाकीट म्हणजे मीठच मीठ. बीन्स धुवून घ्या, अर्ध्याहून कमी पाकीट वापरा आणि एक चतुर्थांश बीन्स उलथन्याने चेचा. दाटपणा त्यातूनच येतो. बीन्सना स्वतःची चरबी नसते, म्हणून मसाला परतायला दीड टेबलस्पून तेल लागतंच.

मशरूमला मसाला आधी लावू नये. मीठ लागलं की ते पाणी सोडतात. 450 ग्रॅम मशरूम बारीक चिरून मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, आठ ते दहा मिनिटं लागतात, आणि मग तेल व सीझनिंग घाला. टोफू हाताने कुस्करून, दाबून पाणी काढून, आधी कोरडा परता.

माशाला पाकीट नकोच. त्यातला स्टार्च आणि साखर तव्यावर चिकटतात आणि मासा शिजण्याआधी करपतात. घरचं मीठविरहित मिश्रण एक टेबलस्पून आणि मीठ वेगळं, 450 ग्रॅम घट्ट पांढऱ्या माशाला चोळा, वरून तेलाचा हात फिरवा, तवा तापल्यावरच टाका.

साठवण

मिश्रण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, चुलीपासून लांब आणि अंधारात ठेवा. मिरचीचा लाल रंग प्रकाशात उडतो, आणि रंगापाठोपाठ चवही उतरते. दळलेलं मिश्रण सहा महिने जोमात राहतं. पुढे ते खराब होत नाही, फक्त मंद होतं, तेव्हा प्रमाण दीडपट करण्यापेक्षा नवं करा. जुन्या पुडीचं प्रमाण वाढवलं की चवीऐवजी तोंडात भरभरीतपणाच वाढतो. एका वेळी सहा-आठ वेळांपुरतं करावं, त्याहून जास्त नको.

शिजवलेलं सारण फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. गार झाल्यावर स्टार्च घट्ट होऊन त्याची वडी बनते. मायक्रोवेव्हमध्ये तसंच गरम केलं तर कडा कोरड्या आणि मधला भाग थंड राहतो. कढईत दोन-तीन टेबलस्पून पाणी घालून मंद आचेवर मोकळं करा, चांगली वाफ येऊ द्या, आणि लिंबाचा रस पुन्हा नव्याने पिळा.